जुनी काच, नवी बॉडी

पहाटे पावणेसहा

लग्नसराईत माझा दिवस बॅटऱ्यांपासून सुरू होतो. रात्री चार्जिंगला लावलेल्या काढायच्या, कार्डं रिकामी आहेत ना ते बघायचं, मग कपाटातला हवाबंद डबा उघडायचा. डब्यात लेन्स आणि सिलिका जेलच्या पुरचुंड्या. निळे दाणे गुलाबी पडले की जुन्या तव्यावर मंद आचेवर परतायचे, परत निळे होतात. (तो तवा पुन्हा स्वयंपाकघरात आणायचा नाही, हे आमच्याकडे एक मोठं भांडण होऊन ठरलेलं आहे.) नांदगावची हवा कोरडी. मुंबईच्या किंवा कोकणातल्या फोटोग्राफरला बुरशीचा जेवढा जाच, तेवढा आम्हाला नाही. पण श्रावणात झड लागली आणि लेन्स चामडी केसमध्ये तशीच राहिली, तर काचेच्या आत पांढरे धागे धरायला वेळ लागत नाही.

डब्यातला निम्मा माल अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी आधी रशियन झेनिटवर लग्नं काढली, पुढे निकॉनचा एफएम-२ घेतला. माझ्याकडे आज दोन बॉड्या आहेत, आरशाची डी-७५० आणि बिनआरशाची झेड-५. बॉडी पाच-सहा वर्षांत जुनी होते, मग विकायला काढली तर कुणी फिरकत नाही. काच तशी म्हातारी होत नाही. म्हणून अण्णांच्या लेन्स मी मोडीत काढल्या नाहीत, आणि कौतुकानं शोकेसमध्येही मांडल्या नाहीत. त्या कामाला आहेत. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर कशी चालते, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, काम काय आहे? ते कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आजचं काम असं: सकाळी गिरणा धरणावर प्री-वेडिंग, दिवसभर दुकान, संध्याकाळी गोरज मुहूर्ताचं लग्न. कुठल्या कामाला कुठली काच जाणार, ते डब्यासमोर उभं राहूनच ठरतं.

सात

गिरणा धरण पांझणला, आमच्याच तालुक्यात. १९६९ मध्ये पुरं झालं. पाणी बरंचसं जळगाव जिल्ह्याकडे जातं, आणि त्या विषयावर बोलायला बसलो तर प्री-वेडिंग राहून जाईल.

मुलगा नांदगावचा, मुलगी चाळीसगावची. पुढच्या आठवड्यात वेरूळच्या वाटेवर दुसरं लोकेशन धरलंय. त्यातही नवीन काही नाही. १९००च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे गाडी सुरू झाली, त्याआधी वेरूळची लेणी बघायला येणारे साहेबलोक नांदगाव स्टेशनात उतरत आणि पुढे टांग्यानं जात. आता आमची पोरं लेहंग्याची बॅग घेऊन जातात.

फेब्रुवारीतलं ऊन सात-सव्वासातला बाभळींच्या मागून तिरपं येतं. दोघांना बाभळींकडे पाठ करून उभं केलं आणि हेलिओस ४४-२ काढली. ५८ मिलिमीटर, एफ २, झेनिटबरोबर आलेली सोव्हिएत बनावटीची. मूळ आराखडा जर्मनीतल्या कार्ल झाइसच्या बायोटारचा. अण्णांनी निकॉन घेतल्यापासून ही लेन्स वर्षानुवर्षं पडून होती, आणि त्याला कारण जेमतेम एका मिलिमीटरचं. प्रत्येक बॉडीत लेन्सची कडी आणि फिल्म यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. झेनिटच्या आट्यांच्या बॉडीत, म्हणजे एम-४२ मध्ये, ते ४५.४६ मिलिमीटर. निकॉनच्या एफ-माउंटमध्ये ४६.५. म्हणजे ही लेन्स निकॉनवर कशीही बसवली तरी फिल्मपासून मिलिमीटरभर लांबच राहणार, आणि चष्मा विसरलेल्या पोरासारखी नाकाजवळचं तेवढं नीट बघणार, लांबचं सगळं धूसर. मध्ये जादा भिंग असलेली रिंग मिळते. पण चांगल्या लेन्सच्या पाठीला स्वस्त भिंग चिकटवायचं तर मग ती लेन्स लावायचीच कशाला?

बिनआरशाच्या बॉडीनं हा तिढा सोडवला. आरसा हलायला लागणारी जागाच गेली, त्यामुळे अंतर आखडलं. निकॉनच्या झेड-माउंटमध्ये ते १६ मिलिमीटर आहे. उरलेले साडेएकोणतीस मिलिमीटर एका पोकळ नळकांड्यानं भरून काढायचे. त्या नळकांड्यात काच नाही, तार नाही, चिप नाही. अण्णांना हे दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एवढ्याचे पैसे घेतात?"

हेलिओसवर अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा असतात. एकीवर आकडा ठरवायचा, दुसरी मोकळी करून भिंग पूर्ण उघडायचं, फोकस करायचा, आणि क्लिक करायच्या आधी दुसरी रिंग आवळायची. झेनिटच्या अंधाऱ्या खिडकीतून बघताना हा सगळा खटाटोप लागायचा, कारण भिंग मिटलं की काही दिसायचंच नाही. नव्या बॉडीत डोळ्यासमोर पडदा आहे. भिंग मिटलं तरी पडदा स्वतःचा उजेड वाढवून देतो. म्हणून मी आकडा लावूनच फोकस करतो, दुसऱ्या रिंगेला हात लावत नाही. आणखी एक फायदा असा की काही लेन्समध्ये भिंग मिटताना फोकस किंचित सरकतो, ती भानगडही उरत नाही.

फोकस पीकिंगवर मात्र मी विसंबत नाही. कडा लाल झाल्या म्हणजे फोकस झाला, असं बॉडी सांगते. पण एफ २ ला ती आधी झुमक्यांना लाल करते, कारण तिला चकाकी कळते, डोळा कळत नाही. म्हणून बटण दाबून मुलीच्या पापणीवर चित्र मोठं करायचं आणि रिंग हळूहळू फिरवायची. तेवढ्यात नवरदेव हलतो. मग पुन्हा.

पण बाभळीच्या पानांतून आलेले उजेडाचे ठिपके! मध्यभागी ते गोल असतात आणि कडेकडेला चपटे होत जातात, सगळे जणू दोघांभोवती फेर धरतात. खरं तर हा लेन्सचा दोषच. कडेनं तिरपा येणारा प्रकाश नळीच्या काठानं कापला जातो, आणि फोकसची पातळीही सपाट नसून वाकडी असते. नव्या लेन्सचे कारखाने हे दोष घालवण्यासाठी काचेवर काच चढवतात. आणि आम्ही ते दोष मिळावेत म्हणून बॅगेत रशियन लोखंड वागवतो.

सूर्य बाभळीच्या शेंड्यावर आला तसं चित्र दुधाळ झालं. जुन्या काचेवरचं कोटिंग आजच्या मानानं अगदी साधं, त्यामुळे समोरून ऊन आलं की काळा रंग राखाडी होतो. थोडा दुधाळपणा या कामाला चालतो, जास्त झाला की लेन्सवर तळहात धरायचा. प्रत्येक पोझची एक फ्रेम नव्या २४-१२० नंही काढून ठेवली. शिरस्ताच आहे तो, हौस करताना पाठीशी काहीतरी असावं.

साडेदहा

दुकान उघडलं. सीईटीच्या फॉर्मचे दिवस आहेत, शटर वर जायच्या आधीच पोरं पायरीवर. पासपोर्ट फोटोला जुनी लेन्स लावायची हौस मी करत नाही. नवा झूम, पांढरा पडदा, दोन लाइट, बॉडी स्वतःच डोळा शोधते. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो शेवटी काही केबीत कोंबून फॉर्मवर चढवायचा असतो. त्यात कुठल्या काचेनं काय दिलं हे खुद्द ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

साडेअकरा

बोलठाणकडच्या एक आजी आल्या, पदरात गुंडाळलेला फोटो घेऊन. "हाऊ फोटू मोठा करी दे, भाऊ." आजोबांचा, कडा खाल्लेला, कोपऱ्यावर पाण्याचा डाग. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायचाय. आणि डोक्यावरची टोपी काढून फेटा घालायचाय. फोटोत जे नव्हतं ते घालून देणं हा आमच्या धंद्याचा जुनाच भाग आहे. अण्णा ब्रशनं कोट रंगवत, मी माउसनं फेटा बांधतो.

"फेटा कुठल्या रंगाचा, आजी?"

"लालच घाल. लग्नात लालच होता."

हे काम ५५ मिलिमीटरच्या मायक्रो-निकॉरचं, एफ ३.५, मॅन्युअल. हिचं घराणंच नकला काढण्याचं. निकॉननं १९५६ मध्ये पहिली मायक्रो-निकॉर काढली ती मायक्रोफिल्मसाठी. रोमन अक्षरं मायक्रोफिल्मवर उतरत होती, पण जपानी चित्रलिपीतल्या दाट रेघा एकमेकींत मिसळत होत्या. त्या सुट्या दिसाव्यात म्हणून मध्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखी धार देणारी, सपाट कागद सपाटच उतरवणारी लेन्स हवी होती. पुढे त्याच जातीची ५५ मिलिमीटरची एफ-माउंटवर आली आणि जगभरच्या कॉपी-स्टँडवर जाऊन बसली.

स्टँडवर कॅमेरा खाली तोंड करून बांधला. दोन एलईडी दोन बाजूंनी पंचेचाळीस अंशांत, म्हणजे कागदावरची चकाकी लेन्समध्ये परतत नाही. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद, कारण स्टँडवर ते उगाच थरथरतं. एफ ८. यापुढे भिंग मिटवून काही मिळत नाही. चोवीस मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एकेक पिक्सेल सुमारे सहा मायक्रॉनचा. एफ १६ ला प्रकाशाचा ठिपकाच पसरून वीस मायक्रॉनच्या वर जातो, मग काच कितीही चोख असो. फिल्मच्या दिवसांत अण्णा बिनधास्त एफ १६ लावत. पोस्टकार्ड साइजच्या प्रिंटवर फरक दिसायचा नाही.

पडद्यावर फोटो उघडला तर आजोबांच्या आधी कागदच दिसला. त्याचे तंतू, चांदी वर आल्याची निळसर झाक, कुण्या माशीनं टाकलेला ठिपका. लेन्स इतकी चोख की दोषांचीही इमानदारीनं नक्कल करते. पुढचा पाऊण तास ते पुसण्यात गेला. आजी बाकावर बसून सगळं बघत होत्या. माशीचा ठिपका पुसला तेव्हा म्हणाल्या, तो तीळ होता. परत आणला.

त्या निघाल्या आणि एक शेतकरी कुटुंब मोडी कागद घेऊन आलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी शिंदे समिती बसली तेव्हापासून घरोघरच्या ट्रंका उघडल्यात, आणि वाचणाऱ्याकडे मूळ कागद पाठवण्यापेक्षा नक्कल पाठवणं बरं, हे लोकांना पटलंय. मोबाइलवर फोटो काढून आणला होताच. तो वाचणाऱ्यानं परत पाठवला, आणि का ते मोठा करून बघितल्यावर कळत होतं. मोबाइल अंधुक उजेडात फोटो काढतो आणि मग दाणे पुसायला बसतो. मोडीत हात न उचलता लिहिलेलं असतं, एका अक्षरातून दुसऱ्यात जाणारी बारीक रेघ हाच वाचणाऱ्याचा आधार. त्या रेघेला मोबाइल कचरा समजून धुऊन टाकतो. शिवाय कागदाच्या कडा बाकदार आल्या होत्या.

मायक्रो-निकॉरखाली कागद सपाट काचेनं दाबून धरला. शाई कुठे जाड, कुठे टाक कोरडा पडून रेघ फाटलेली, कुठे पुन्हा बुडवलेला, सगळं वेगवेगळं दिसायला लागलं. जपानी चित्रलिपीसाठी घडलेली काच आणि नांदगावच्या ट्रंकेतली मोडी! या कामाला मी नवी लेन्स घेणार नाही. ऑटोफोकस इथे लागतच नाही. कॅमेरा हलत नाही, कागद हलत नाही, एकदा नीट रिंग लावली की सगळी चवड त्यावर निघते.

दीड

जेवण. भाकरी, पिठलं, नवा कांदा. जेवून गच्चीवर गेलो, टाकुमार उलटायची होती.

ही मी जुन्या बाजारातून आणलेली, असाही पेंटॅक्सची सुपर-टाकुमार ५०, एफ १.४, हीसुद्धा आट्यांची. घेतली तेव्हा काच चहाच्या रंगाची. त्या काळी काचेची वक्रीभवनाची ताकद वाढवायला तिच्यात थोरियम मिसळत. ते किंचित किरणोत्सारी, आणि वर्षानुवर्षं आतून काचेला पिवळं करत राहतं. उपाय साधा, अतिनील प्रकाश. परदेशात लोक त्यासाठी दिवे विकत घेतात. आम्हाला नांदगावात ऊन विकत घ्यायची वेळ अजून आलेली नाही. टोपण काढून, मागच्या बाजूला चांदीचा कागद लावून गच्चीवर ठेवली की पिवळेपणा हळूहळू उतरतो. एकच काळजी घ्यायची, ती म्हणजे लेन्स उन्हात असताना तिच्याखाली कागद किंवा कपडा असता कामा नये. भिंगच ते, पेटवून देईल.

खरं सांगायचं तर डिजिटलवर हा खटाटोप केलाच पाहिजे असं नाही. पिवळेपणा व्हाइट बॅलन्सनं निघून जातो, कृष्णधवलमध्ये तर तो फुकटचा पिवळा फिल्टर. उजेड थोडा कमी पडतो एवढंच. पण चहातून बघितल्यासारखं जग मला नको वाटतं, आणि ऊन आहेच.

तीन

एक मुलगा आला, बारावी झालेला, कॅनन १५००डी गळ्यात. पिशवीत कॅननचीच जुनी एफडी ५० मिलिमीटर. "काका, ही माझ्या कॅमेऱ्याला बसत नाही. कॅननचीच आहे, मग का नाही बसत?"

नाव एक असून उपयोग नाही. कॅननची एफडी कडी १९७१ ची. तिचं अंतर ४२ मिलिमीटर. १९८७ मध्ये कॅनननं ऑटोफोकससाठी सगळं मोडून ईएफ आणलं, अंतर ४४. घरच्या जुन्या लेन्स घरच्याच नव्या बॉडीला परक्या झाल्या. त्याच्या बॉडीवर ही लेन्स दोन मिलिमीटर लांब पडते, म्हणजे माझ्या हेलिओसचं निकॉनवर जे झालं तेच, त्याहून वाईट. कॅननच्या नव्या बिनआरशाच्या बॉडीत अंतर वीस, तिथे ती पुन्हा चालते. निकॉननं १९५९ पासून एफ-माउंटची कडी बदलली नाही, पण म्हणून निकॉनवाल्यांचं सगळं सुरळीत असंही नाही. निकॉनच्या स्वस्त बॉड्यांत मोटर नसायची आणि ५० एफ १.८ डी सारख्या लेन्समध्येही ती नव्हती, नुसता स्क्रू. ती जोडी ज्यानं घेतली त्याला हातानं फोकस करत बसावं लागलं, आणि दुकानदारानं हे त्याला आधी सांगितलेलं नसायचं.

मुलाचा चेहरा पडला. मग त्याला हेलिओस दिली बघायला. एम-४२ चं ४५.४६, त्याच्या बॉडीचं ४४; दीड मिलिमीटरभर जाडीची रिंग बसते, आणि लांबचंही नीट दिसतं.  फोकस खिडकीतून नको, मागच्या पडद्यावर मोठं करून कर, म्हटलं. त्यानं बाहेरच्या लिंबाकडे धरून दोन-चार फोटो काढले.

"पण काका, तुमच्यासारखं फिरत नाहीये मागचं."

नाही फिरणार. त्याचा सेन्सर लहान, लेन्सच्या चित्राचा मधलाच भाग उचलतो. ५८ ची लेन्स त्याच्याकडे ९३ सारखी दिसते, आणि फेर असतो तो कडेला. पण मधला भाग हाच जुन्या लेन्सचा सगळ्यात चांगला भाग, त्यामुळे धार त्याला माझ्यापेक्षा एकसारखी मिळणार. चेहऱ्यांसाठी घे, असं सांगितलं. एफडी विकू नकोस, असंही.

साडेचार

सेवापूर्तीच्या सत्कारासाठी आमच्या शाळेचे गुरुजी फोटो काढायला आले. घरून धोतर-कोट-टोपी करून, टोपीला नवी इस्त्री.

या कामाला १०५ मिलिमीटर एफ २.५. अण्णांनी एफएम-२ बरोबर हीच वापरली, आणि स्टीव्ह मॅकरीनं १९८४ मध्ये पेशावरजवळच्या छावणीत त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला तोही एफएम-२ आणि हीच १०५. माझा फोटो तसा येणार नाही हे मला माहीत आहे. पण गुरुजींच्या नाकाचा आकार तरी बरोबर येतो. मोबाइल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत नाक पुढे येतं नि कान मागे जातात. १०५ नं सहा-सात फुटांवर उभं राहावं लागतं, चेहरा जसा समोरच्या बाकावरून दिसतो तसा दिसतो.

बॉडीला मात्र आधी सांगावं लागतं. या लेन्समध्ये चिप नाही. झेड-५ ला समोर काय बसलंय ते कळत नाही. मेनूत जाऊन '१०५, एफ २.५' निवडायचं. ते केलं नाही आणि मागच्या ५५ चीच नोंद राहिली, तर हाताची थरथर किती आवरायची याचा बॉडीचा हिशेब चुकतो.

एफ ४. डोळे लख्ख, कान किंचित मऊ, पाठीमागचा पडदा विरलेला. पूर्ण उघड्या भिंगाला हीच लेन्स जरा हळवी होते, नव्या सेन्सरवर ते दिसतं, फिल्मवर दिसलं नसतं. गुरुजींना थांबणं जमेना. रिंग पापणीवर आणावी तोवर मान हलायची.

"गुरुजी, हलू नका."

"हे मी तुला चार वर्षं सांगत होतो."

हसले, आणि तेवढ्यात काढला. तोच घेतील.

सहा

गोरज मुहूर्त. मंगल कार्यालयात स्टेजमागे एलईडीची भिंत, वर फिरते दिवे, खाली धुराचं यंत्र. इथे जुन्या लेन्सचं कौतुक बाजूला ठेवायचं.

एक अपवाद. अण्णांची नसलेली, मीच पूर्वी घेतलेली ८०-२०० एफ २.८ डी. ही ऑटोफोकस आहे, पण स्क्रूची. डी-७५० मध्ये मोटर आहे, म्हणून तिच्यावर चालते, घरघर करत, थोडी संथ. निकॉनचा एफटीझेड अडॉप्टर लावून हीच झेड-५ वर चढवली की अ‍ॅपर्चर चालतं, सगळी नोंद होते, फोकस मात्र हातानं. अडॉप्टरमध्ये मोटर घातलेली नाही. म्हणजे नव्या बॉडीवर जी म्हातारी हेलिओस छान चालते, त्याच बॉडीवर तिच्या कितीतरी मागून आलेली लेन्स लंगडी. जुनेपणाचा हिशेब वर्षांवर होत नाही. कोणती गोष्ट लेन्सनं करायची आणि कोणती बॉडीनं, याची वाटणी त्या काळी कशी झाली होती, त्यावर होतो. माझी डी-७५० अजून विकली गेली नाही ती केवळ या स्क्रूपायी.

शेवटचं मंगलाष्टक, अक्षता पडतात, अंतरपाट खाली येतो, आणि मुलगी मान वर करते. हा सेकंद दुसऱ्यांदा येत नाही. मामांना "पुन्हा एकदा धरा" सांगता येत नाही. त्या सेकंदाला झेड-५ वर नवी २४-१२०, डोळ्यावर चौकट, दणादण फ्रेम. अण्णा अशा वेळी एफ ८ लावून, अंतर अंदाजानं धरून, फ्लॅश मारायचे आणि सगळं फोकसमध्ये यायचं. मलाही येईल, पण गिऱ्हाइकाला मागचा मंडप विरलेला हवा असतो.

विधी आटोपल्यावर, जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा, टाकुमार काढून नवरीचे दोन-चार काढले. एफ १.४ ला येवल्याच्या पैठणीची जर जांभळी झाली. फोकसच्या पुढे-मागे असलेल्या प्रत्येक चकाकत्या धाग्याला जांभळी-हिरवी किनार. सगळे रंग एकाच जागी आणायला त्या काचेला जमत नाही. एफ ४ ला किनार गेली, पण मग मागची खुर्चीही दिसायला लागली. मधे एफ २.८ वर तडजोड केली. एलईडीच्या भिंतीसमोर तर चित्राच्या मधोमध एक फिकट गोल डाग आला. फिल्म मळकट असायची, तिच्यावर पडलेला उजेड तिथेच जिरायचा. सेन्सर चकचकीत, उजेड उलटा जाऊन लेन्सच्या मागच्या काचेवर आपटतो आणि परत येतो. नव्या लेन्सच्या मागच्या काचांवरही त्यासाठी कोटिंग असतं. टाकुमार घडवणाऱ्यांना सेन्सर ठाऊकच नव्हता, त्यांना बोल कसा लावणार? दोन पावलं बाजूला सरकलो, भिंत फ्रेमबाहेर गेली, डागही गेला.

साडेअकरा, रात्री

कार्डं उतरवली, दोन डिस्कवर. झूमच्या फाइलींत लेन्स, अ‍ॅपर्चर, सगळं नोंदलेलं. हेलिओस आणि टाकुमारच्या फाइलींत अ‍ॅपर्चरच्या जागी काहीच भरवशाचं नाही. म्हणून खिशात वही असते: 'बाभूळ, हे., एफ २.८ पर्यंत बरी', 'टा., जर, २.८'. अण्णाही अशीच वही ठेवायचे, रोल नंबर घालून.

लग्नाचे निवडताना अल्बमचा आकार डोक्यात ठेवतो. अण्णांच्या वेळी सगळं पोस्टकार्डावर जायचं, त्याला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. आज करिझ्मा अल्बमची पानं उघडली की १२ बाय ३६ इंच. एका पानाला, १२ बाय १८ ला, तीनशे डीपीआयनं साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात, म्हणजे बॉडीतलं जवळजवळ सगळंच. जुन्या काचेचे मऊ कोपरे तिथे उघडे पडतात. म्हणून टाकुमारचे अर्ध्या पानावर, कोपऱ्यात मोकळी जागा ठेवून. हेलिओसचा एक मोठा घेता येईल, कारण तिथे कोपऱ्यात धार कुणी शोधणार नाही.

सकाळचे पाच निवडून दोघांच्या ग्रुपवर टाकले. जागेच होते. नवरदेवाचा मेसेज आला, "दादा, एकच नंबर. पण मागची झाडं फिरल्यासारखी दिसतात. सरळ करता येतील का?"

त्याच पोझची नव्या झूमची फ्रेम होतीच, ती पाठवली. बाभूळ सरळ, ठिपके गोल. त्याचा अंगठा आला. पाठोपाठ मुलीनं लिहिलं, "मला फिरलेलीच हवीत."

त्यावर ग्रुपवर बराच वेळ दोघंही टाइप करताना दिसत होते. मी लिहिलं, मंडपाच्या दारातल्या फ्लेक्सची ऑर्डर परवा सकाळी जाते, तोवर तुमचं काय ते ठरवून सांगा.